पुठ्ठ्याचे दोन कॅमेरे

सुईत दोरा ओवताना माणूस एक डोळा मिटतो. का मिटतो, ते कुणाला सांगता येणार नाही, पण मिटतो. त्या सकाळी काकूंनीही मिटला. स्वयंपाकघराच्या खिडकीशी त्या स्टुलावर बसल्या होत्या. मांडीवर उशीचा उसवलेला अभ्रा होता, आणि समोरच्या दोन घरांच्या फटीतून आलेलं ऊन नेमकं त्यांच्या बोटांवर, सुईवर आणि कानामागच्या पांढऱ्या केसांवर येऊन टेकलं होतं. काका कप विसळायला म्हणून आले होते. ते दारातच थांबले आणि कप हातात तसाच राहिला.

काकांनी सगळी नोकरी जमीनमोजणीच्या कचेरीत नकाशे काढण्यात घालवली होती, म्हणून गल्लीत त्यांना नकाशेकाका म्हणत. नदी कशी दाखवायची, विहीर कशी दाखवायची, पडकी भिंत आणि उभी भिंत यांत फरक कसा करायचा, हे सगळं त्यांच्या हातात होतं. पण ऊन दाखवायची खूण कुठल्याच नकाशात नसते. हे इतक्या वर्षांत आपल्या लक्षात कसं आलं नाही, याचं त्यांना दारात उभ्या उभ्या नवल वाटलं. आणि मग थोडी भीतीही वाटली, कारण त्या फटीत इमारत उभी राहत होती. पायाचं काम संपून पहिला स्लॅब पडला होता. काका राहत दुसऱ्या मजल्यावर. आणखी दोन स्लॅब पडले की ह्या स्वयंपाकघरातलं ऊन कायमचं संपणार, हे समजायला नकाशेवाला असण्याची गरज नव्हती.

हे एकदा धरून ठेवायला हवं, असं काकांना वाटलं. त्यांनी काकूंचा फोन हळूच उचलला आणि फोटो काढला. फोटोत खिडकी आली, बायको गेली. खिडकीच्या जागी एक पांढराफेक चौकोन आणि पुढे काळा ढीग. ढीग अभ्र्याचा की काकूंचा, तेही कळेना.

"काय करताय हो माझ्या फोनशी?" काकूंनी विचारलं.

"किती वाजले बघत होतो," काका म्हणाले, आणि भिंतीवरच्या घड्याळाखालून बाहेर गेले.

काकूंना फोटोचं वावडं होतं. घरातल्या कुठल्याही समूहफोटोत त्या शोधाव्या लागत. कुठे त्यांची पाठ असे, कुठे दाराआडून कोपर. कॅमेरा निघाला रे निघाला की त्यांना गॅसवर काहीतरी ठेवल्याची आठवण होई. गॅस नसलेल्या जागीसुद्धा.

तेव्हा कॅमेरा घ्यायचा, पण कशासाठी ते बोलायचं नाही, असं काकांनी ठरवलं. ठरवायला सोपं होतं. पण दुकानात काकू बरोबर आल्या, आणि दुकानदाराने पहिलाच प्रश्न विचारला, "कशाचे फोटो काढायचेत, काका?"

आता ह्या वयात, शेजारी बायको पंख्याखाली उभी असताना, परक्या माणसाला काय सांगायचं? दुकानाच्या भिंतीवर एका बगळ्याचं मोठं चित्र लावलं होतं. त्यांना समोर तेच दिसलं.

"पक्ष्यांचे," ते म्हणाले.

"पक्ष्यांचे?" काकूंनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

"हो. आवडतात मला."

"मला आज कळतंय."

दुकानदाराने दोन कॅमेरे काचेवर ठेवले. "हे बघा, मोठा सेन्सर दोन्हीत आहे. म्हणजे उजेड आणि अंधार एकदम आले तरी दोन्ही सांभाळणार. हा मिररलेस. ह्याची लेन्स बदलता येते. आज ही लावा, उद्या दुसरी, पुढे मन होईल तशी तिसरी. आणि हा कॉम्पॅक्ट. खिशात मावतो, पण लेन्स अंगालाच चिकटलेली. जी आहे ती आहे. बदलायची सोय नाही."

"संसारासारखा," काकू म्हणाल्या.

"बरोबर बोललात, काकू."

"आणि तो पहिला?"

"तो ज्याच्या त्याच्या हौशीवर. पण पक्ष्यांसाठी म्हणाल तर तोच. वर लांब लेन्स लागेल."

काकांच्या मनात मात्र वेगळंच चाललं होतं. स्वयंपाकघर एवढंसं, लांब लेन्स घेऊन मागे सरायचं तर जिन्यात जाऊन उभं राहावं लागेल. छोटा कॅमेरा बरा, खिशातून काढून गुपचूप दाबता येईल. पण मोठ्यात डोळा लावायला खिडकी होती, आणि डोळा लावल्याशिवाय रेघ सरळ येत नाही, हा त्यांचा जन्मभराचा अनुभव. शिवाय आपला निर्णय चुकला तर? आपले निर्णय चुकतात असं त्यांचं स्वतःबद्दल एक जुनं मत होतं. "विचार करून सांगतो," ते म्हणाले आणि दोन्ही कॅमेऱ्यांची माहितीपत्रकं घेऊन घरी आले.

दुसऱ्या कुणी कागदावर फायदेतोटे मांडले असते. काकांनी ड्रॉइंग बोर्ड खाली काढला, पेन्सिलीला टोक केलं आणि पुठ्ठ्याचे दोन्ही कॅमेरे बनवायला घेतले. हुबेहूब त्याच मापाचे, अगदी पट्ट्याच्या कड्यांसकट. मिररलेसची लेन्स फिरवून काढता येईल अशी केली, खाचा आणि अडसर सगळं जिथल्या तिथे. कॉम्पॅक्टचे कोपरे पाणी लावून गोल केले. वजनही छापल्याप्रमाणे यायला हवं म्हणून आत मसूर भरली. वाळू चालली असती, पण वाळू समोरच्या बांधकामावर होती, आणि त्या बांधकामाकडे काही मागायला जायची काकांची इच्छा नव्हती.

मग एक दिवस हा गळ्यात, एक दिवस तो खिशात, अशी त्यांची तालीम सुरू झाली.

आणि त्या दिवसांत काकांना काय झालं, हे नीट सांगणं कठीण आहे. पुठ्ठ्याला आरपार भोक होतं. त्यातून ते बघत, आणि जे बघत ते जणू बाकीच्या जगातून हलकेच उचलून निराळं ठेवल्यासारखं होई. दोरीवर वाळणारा एक मोजा. बंद दुकानाच्या शटरवर हलणारी झाडाची सावली. समोरून येणाऱ्या माणसाची हातातली पिशवी, आणि पिशवीतून डोकावणारी पावाची लादी. काका बोटाने पुठ्ठा दाबत आणि पुढे जात. घरी येऊन खुर्चीत डोळे मिटून बसले की दिवसभराचे सगळे फोटो एकापाठोपाठ एक, सावकाश, पाण्यातून वर आल्यासारखे येत. आपला कॅमेरा खोटा आहे हे ते कधीकधी पूर्ण विसरत.

गल्लीच्या तर ते कधी लक्षातच आलं नाही. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी मांजर कडेवर घेऊन फोटो काढून घेतला. नको म्हणण्याइतका काकांचा स्वभाव घट्ट नव्हता. आठवड्याने त्या जिन्यात आडव्या आल्या.

"काय नकाशेकाका, आमचा फोटो?"

"तयार व्हायचाय."

"मांजर मोठं होईल तोवर!"

वरच्या मजल्यावर कर्नल राहत. ते सैन्यात कधीच नव्हते, विमा कंपनीत होते. पण मिशा भरघोस होत्या आणि जिना चढताना ते पायरी आपटत. बायको गेल्यापासून ते एकटेच असत आणि त्यांचा सगळा वेळ सल्ल्यासाठी मोकळा असे.

"पक्षी ना? मग मिररलेस! डोळे मिटून!" कर्नल म्हणाले. "कॉम्पॅक्टने काढलेला पक्षी स्वल्पविरामाएवढा येतो. मोठा करायला जाल तर अर्धविराम!"

"पण वजन..."

"वजनाला काय भिताय? मान कशासाठी दिलीय देवाने? आणि गल्लीत कसले पक्षी बघताय? सरकारी बागेत जा. तळ्यावर पक्ष्यांची नुसती रांग असते."

खोटं एकदा बोललं की त्याला खाऊपिऊ घालावं लागतं. काका बागेत जायला लागले. इकडे दुसरा स्लॅब पडला. सकाळचं ऊन आता काकूंच्या स्टुलापर्यंत यायला जरा दमल्यासारखं येई, आणि आल्या आल्या निघून जाई. काका दारात उभे राहून पुठ्ठ्यातून बघत. निर्णय होत नव्हता. मोठा गळ्यात असला की छोटा बरा वाटे. छोटा खिशात असला की डोळ्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटे.

एक दिवस ते तळ्याकाठी मोठा कॅमेरा डोळ्याला लावून पाण्यावरचा उजेड बघत होते, तेवढ्यात खांद्यावर काठी टेकली.

"परवाना?" पहारेकऱ्याने विचारलं.

"कशाचा?"

"कॅमेऱ्याचा."

"हा कॅमेरा नाही हो. पुठ्ठा आहे."

"पकडलं की सगळे काहीतरी सांगतातच. चला हापिसात."

बागेच्या कचेरीत एक साहेब बसले होते. त्यांनी टेबलावरचा पुठ्ठा सगळ्या बाजूंनी पाहिला. हसले नाहीत. नियमांची पोथी उघडली.

"लेन्स बदलता येणारा कॅमेरा व्यावसायिक. त्याला परवाना लागतो. लेन्स न बदलता येणारा घरगुती. त्याला लागत नाही. ह्याची लेन्स निघते?"

इथे काकांनी नाही म्हणायला हवं होतं. पण तो अडसर बसवायला त्यांना फार त्रास पडला होता, आणि इतक्या दिवसांत त्याबद्दल कुणी एक अक्षर विचारलं नव्हतं.

"निघते की," ते म्हणाले, आणि लेन्स अर्धा वळसा फिरवून अलगद काढून दाखवली.

"मग व्यावसायिक," साहेब म्हणाले.

"पण साहेब, ह्यात काहीच नाही! फोटो निघत नाही ह्यातून!"

"फोटो निघतो की नाही, हे नियमात विचारलेलं नाही. घरी कुणी जबाबदार माणूस आहे का?"

जबाबदार! ज्या माणसाच्या रेघेवर गावंच्या गावं विसंबून होती, त्याला हा प्रश्न. काकांनी मान खाली घातली आणि काकूंचा नंबर सांगितला.

काकू भाजीच्या पिशवीसकट आल्या. त्यांनी आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग पुठ्ठ्याकडे, मग साहेबांकडे.

"काय केलं ह्यांनी?"

"हे पक्ष्यांचे फोटो काढतात का?"

"काढायचेत म्हणतात बाई. परवा समोरच्या अँटेनाला करकोचा म्हणाले."

तेवढ्यात पहारेकऱ्याने लेन्स काढलेला कॅमेरा उलटा केला, आणि टेबलभर मसूर सांडली. काही दाणे टपटप जमिनीवर गेले.

"ही माझी मसूर!" काकू ओरडल्या. "अहो, मी डबा रिकामा बघून उंदीर लागलाय म्हणून घर धुवून काढलं! उंदीर हा इथे बसलाय!"

"वजनासाठी घेतली होती," काका पुटपुटले.

साहेबांनी नियमांची पोथी मिटली. "आजोबा, कारण समजल्याशिवाय मला तुम्हाला सोडता येत नाही. पुठ्ठ्याचा कॅमेरा, आत मसूर, पक्षी ओळखता येत नाहीत. नक्की कशाचा फोटो काढायचाय तुम्हाला? खरं सांगा."

सरकारी टेबलासमोर काका कधी खोटं बोलले नव्हते. एकदा एका बड्या माणसाने नकाशात बांध हातभर सरकवायला सांगितला होता, पण बांध जागचा हलला नव्हता. दुकानातली गोष्ट वेगळी. कर्नलांची गोष्ट वेगळी. हे टेबल होतं.

"हिचा," काका म्हणाले.

"कुणाचा?"

"हिचा फोटो काढायचाय. सकाळी. स्वयंपाकघरात ऊन येतं तेव्हा. सुईत दोरा ओवताना." आणि एकदा सुरू झालं म्हणून त्यांनी पुढचंही सांगून टाकलं. "समोर बिल्डिंग होतेय. मग ऊन नाही येणार."

वरचा पंखा कुरकुरत होता. पहारेकऱ्याने काठी भिंतीला टेकवली आणि वाकून जमिनीवरचे मसुरीचे दाणे वेचायला लागला. काकू खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांचा चेहरा काकांना दिसत नव्हता, आणि बघायचं धाडसही नव्हतं.

साहेबांनी बराच विचार केला. "स्वयंपाकघर आमच्या हद्दीत येत नाही," ते शेवटी म्हणाले. "जाऊ शकता."

दोघं परतीच्या वाटेला लागले. पुठ्ठ्याची लेन्स काकूंच्याच हातात राहिली होती. ती त्या नकळत फिरवत चालल्या होत्या.

"आधीच का नाही बोललात?"

"तू पळाली असतीस."

"पळालेच असते," काकूंनी कबूल केलं. मग चार पावलांनी म्हणाल्या, "तिसऱ्या स्लॅबचं सेंट्रिंग लागलंय. सकाळी फळ्या ठोकत होते."

"हो. पाहिलं."

"मग घरी कुठे चाललोय आपण? दुकान इकडे आहे."

दुकानदाराने दोन्ही कॅमेरे पुन्हा काचेवर ठेवले. "काय काका, पक्षी काय म्हणतात?"

"पक्षी रद्द," काकू म्हणाल्या. "माझा फोटो काढायचाय. अहो, तो मोठा उचला. धरा माझ्याकडे."

काकांनी मिररलेस डोळ्याला लावला. हातात नीट बसत होता. रेघ सरळ दिसत होती. आता हाच, असं त्यांच्या मनात जवळजवळ ठरत आलं.

"ठेवा खाली. आता तो छोटा."

छोट्याला डोळा लावायची जागाच नव्हती. तो छातीशी धरून मागच्या पडद्यात बघायचं. काकांनी पडद्यात पाहिलं, मग काकूंकडे पाहिलं, पुन्हा पडद्यात. काकू चक्क उभ्या होत्या. गॅस आठवला नव्हता.

"हा घ्या," त्या म्हणाल्या.

"अगं, पण त्याला व्ह्यूफाइंडर..."

"त्यातच तर सगळं बिघडतं. फोटो काढणारा माणूस डोळ्याला ते डबडं लावतो आणि समोरून नाहीसाच होतो. उरतं एक काळं भोक. भोकाकडे बघून कुणी हसतं का? ह्याच्यात तुमचं तोंड दिसतं."

एवढे दिवस दोन कॅमेऱ्यांना पुढून, मागून, वरून मोजूनही ज्याचा फोटो काढायचा त्याच्या जागी उभं राहून काकांनी त्यांच्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं. दुकानदार काहीतरी सेन्सरबद्दल सांगत होता. काकांना ऐकू येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅमेरा चार्ज होऊन टेबलावर तयार होता. काकू सुई-दोरा घेऊन स्टुलावर बसल्या. आणि समोर काँक्रीटचा मिक्सर धडधडायला लागला. उजाडायच्या आधीच मजूर चढले होते, आणि धूळ उडू नये म्हणून त्यांनी बांबूंवर वरपासून खालपर्यंत जाड कापड सोडलं होतं. फट बुजली होती. स्वयंपाकघरात एक सपाट, राखाडी उजेड होता, जसा कुठल्याही घरात असतो.

काकांनी कॅमेरा खाली ठेवला. इतका मोठा सेन्सर, आणि त्यावर पडायला उजेडाचा कवडसासुद्धा नाही. एक दिवस आधी, फक्त एक दिवस. पण तो एक दिवस आपण कोपरे गोल करण्यात घालवला, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. कुणी रागावलं असतं तर बरं झालं असतं.

काकूंनी सुई अभ्र्यात टोचली, अभ्रा खांद्यावर टाकला आणि स्टूल उचललं.

"कुठे निघालीस?"

"वर. वर अजून येत असेल."

"कर्नलांकडे? अगं, एवढ्या सकाळी!"

"तुम्ही तो कॅमेरा घ्या. स्टूल मी घेतलंय."

कर्नल बनियनवर होते. अर्धी दाढी साबणात, अर्धी उघडी. काकू "जरा सरका" म्हणून त्यांच्या बाजूने आत गेल्या आणि सरळ स्वयंपाकघर गाठलं. तिथे, कर्नलांच्या न घासलेल्या पातेल्यांवर, गळक्या नळावर, भिंतीला टेकवलेल्या केरसुणीवर, तेच ऊन येऊन बसलं होतं. एक मजला चढून आलं होतं, एवढंच. काकूंनी खिडकीशी स्टूल ठेवलं, बसल्या, दोरा जिभेला लावला आणि एक डोळा मिटला.

काका दारात उभे राहिले. कॅमेरा छातीशी. पडद्यात ऊन होतं, पांढरे केस होते, बोटांमध्ये सुईची बारीक चमक होती. किती वेळ गेला कुणास ठाऊक. नळाचा थेंब पडे आणि पुढचा जमेपर्यंत सगळं थांबल्यासारखं होई.

"काय, मिररलेस नाही घेतला?" मागून कर्नल कुजबुजले. "कशाचा फोटो चाललाय? पक्षी आलाय का खिडकीत?"

काका ऐकत नव्हते. त्यांना वाटत होतं, अजून थोडं बघावं, दाबलं की संपलं. काकूंनी मिटलेला डोळा उघडला, वळून त्यांच्याकडे पाहिलं, आणि काकांचं बोट दाबलं गेलं.

तिघेही पडद्यावर वाकले. खिडकी पांढरीफेक नव्हती, बाहेरचे बांबू दिसत होते. काकू काळ्या नव्हत्या. कानामागचा एकेक केस वेगळा दिसत होता. पण दोरा सुईच्या बाहेर होता, अभ्रा घसरत होता, चेहरा कॅमेऱ्याकडे वळला होता आणि तोंड सताड उघडं होतं. "दाबा की आता" मधल्या कुठल्यातरी अक्षरावर.

"हललं," काका हिरमुसून म्हणाले. "पुन्हा बस. तोंड मिटून. ऊन आहे अजून."

काकूंनी कॅमेरा त्यांच्या हातातून घेतला, उजेडापासून आडोसा करून नीट पाहिला. मग परत दिला आणि उठून स्टूल उचललं.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "बोलतेय ना मी त्यात? मग माझाच आहे."